दस्तरखानाच्या कडेला



या सदरात आम्ही बहुतेक वेळा शाळा, अभ्यास, मुलांची भाषा अशाच विषयांवर लिहितो. या महिन्यात विषय जरा चटकदार घेतला आहे. दस्तरखानावर मधोमध सालन, रोटी आणि भात असतो. त्यांच्याविषयी सगळेच बोलतात. आम्हाला बोलायचे आहे ते कडेला ठेवलेल्या लहान वाट्यांविषयी. मिठाची डबी, लिंबाच्या फोडी, कांद्याच्या चकत्या, चटणी, अचार, सिरका आणि आता जवळजवळ प्रत्येक घरात आलेली केचपची लाल बाटली. जेवण सर्वांचे एक असते, पण या वाट्यांकडे जाणारा हात ज्याचा त्याचा असतो.

मराठीत या सगळ्यांना मिळून एक छान शब्द आहे, तोंडी लावणे. हदीसच्या किताबांत ‘इदाम’ हा अरबी शब्द येतो, त्याचा अर्थही जवळपास हाच. रोटीला लावून जे खाल्ले जाते ते इदाम. वर्गात आम्ही हा शब्द सांगितला तेव्हा एक मुलगी पटकन म्हणाली, “म्हणजे आमच्याकडची शेंगदाण्याची चटणी!” तिचे उत्तर अगदी बरोबर होते.

आमच्या घरी सहा माणसे एकत्र जेवायला बसतात आणि सहा हात सहा दिशांना जातात. अब्बांना प्रत्येक गोष्टीवर लिंबू लागते. डाळ असो, पुलाव असो, तळलेला मासा असो, आधी लिंबू पिळले जाईल आणि मग बिस्मिल्लाह. अम्मींचा जीव कारळाच्या चटणीत. भावाला हिरव्या मिरचीचा ठेचा हवा, तोही खलबत्त्यात कुटलेला. मिक्सरमधला त्याला चालत नाही. भाभींना कैरीच्या अचाराचा फक्त मसाला आवडतो, फोड त्या कुणाच्या तरी ताटात सरकवतात. त्यांची लेक पराठ्यालाही केचप लावते आणि खिचडीलाही. राहिलो आम्ही. आम्हाला कच्चा कांदा प्रिय आहे. पण दुपारच्या तासाला पन्नास मुलांसमोर उभे राहायचे असल्याने ही हौस आम्ही रविवारवर ढकलली आहे. मशिदीत जाणाऱ्यांना तर हा नियम ठाऊकच आहे. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, अशी हदीस आहे, आणि खायचाच असेल तर शिजवून त्याचा वास घालवा, असे हजरत उमर (रजि.) यांनी खुतब्यात सांगितल्याचे सहीह मुस्लिममध्ये आले आहे. शेजाऱ्याच्या नाकाचाही हक्क असतो, हे यातून आम्ही शिकलो.

घराघरांत जसा फरक, तसा मुलखामुलखांत. आमचा मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आमच्याकडे दोन्ही बाजूंच्या चवी नांदतात. एकीकडे जवस, कारळ आणि शेंगदाण्याच्या कोरड्या चटण्या, दुसरीकडे खिचडी-खिम्याबरोबरचा तीळ-चिंचेचा खट्टा आणि बिर्याणीबरोबरची दही की चटनी. औरंगाबादचा नान-कलिया कांदा आणि लिंबाशिवाय अपुरा वाटतो. कोकणात उतरलो की चिंचेची जागा आमसूल घेते, शेंगदाण्याची जागा ओले खोबरे घेते, आणि पावसाळ्याच्या बेगमीला आंबोशी व सुका जवळा डब्यात भरलेला असतो. मुंबईत मुहम्मद अली रोडवर सीख कबाबाबरोबर पुदिना-कोथिंबिरीची हिरवी चटणी आली नाही तर गिऱ्हाईक उठून जाईल.

आपली चव तीच खरी आणि बापजाद्यांपासून चालत आलेली, असे प्रत्येकाला वाटते. भाषेचा तास घेणाऱ्याला मात्र इथे हसू येते. ज्या मिरचीशिवाय आमचा घास उतरत नाही, ती मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागली. त्याआधी आपल्याकडे तिखटासाठी काळी मिरी, पिंपळी आणि आले होते. ‘मिरची’ हे नावही मिरीवरूनच पडले. टोमॅटोसुद्धा तिकडचाच. ‘अचार’ आणि ‘सिरका’ हे शब्द फारसीतून आले, ‘चटणी’ आपल्या चाटण्यातून. आणि ज्या केचपला घरातली बुजुर्ग मंडळी इंग्रजांचे समजतात, त्याचे नाव बहुतेक अभ्यासकांच्या मते दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरचे आहे. तिथे आंबवलेल्या माशांच्या रसाला तसे काहीसे म्हणत. टोमॅटो त्यात फार नंतर पडला. म्हणजे एका दस्तरखानाच्या कडेला इराण, चीन, अमेरिका आणि आपले शेत एकत्र बसलेले असते.

कुरआन शरीफमध्ये सूरह रअदच्या चौथ्या आयतीत याच फरकाकडे लक्ष वेधले आहे. जमिनीचे तुकडे एकमेकांना लागून आहेत, बागांना पाणी एकच मिळते, तरी एका फळाची चव दुसऱ्याहून सरस असते, आणि विचार करणाऱ्यांसाठी यात निशाण्या आहेत, असा तिचा आशय आहे. चवींचा फरक हा अल्लाहने ठेवलेला फरक आहे. मग त्यावरून घरात भांडणे कशासाठी?

आणि भांडणे होतात, हे आपण सगळे जाणतो. लहान वाटीवरून मोठे मन दुखावते. नुसत्या उपदेशाने हे उमगत नाही, म्हणून आमच्या खालाजानच्या घरची गोष्ट सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे. नावे मात्र लिहीत नाही.

खालाजानचे घर परभणीत. त्यांच्या धाकट्या मुलाचे लग्न श्रीवर्धनकडच्या मुलीशी झाले. मुलगी शिकलेली, शांत, नमाजी. सासरी येताना तिच्या आईने तिच्यासोबत घरगुती जिन्नस दिले. त्यात एक काचेची बरणी होती, सुक्या जवळ्याच्या चटणीची. जवळा भाजून, लाल मिरची, लसूण, सुके खोबरे आणि आमसूल घालून वाटलेली. तिकडे ही चटणी तांदळाच्या भाकरीबरोबर रोजच्या जेवणात असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नव्या दुल्हनने आनंदाने ती बरणी दस्तरखानावर आणली. झाकण उघडताच घरातल्या पोरांनी नाके दाबली. खालाजान रागावल्या नाहीत, पण त्यांच्या तोंडून एवढेच निघाले, “ये हमारे में नईं खाते, बेटा.”

हे वाक्य ऐकायला साधे आहे. त्यामागे नुसता वास नव्हता. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई मसलकाचे आहेत आणि त्यांच्याकडे समुद्रातले सर्व प्राणी खाण्यास हलाल मानले जातात. आमच्याकडचे बहुतेक लोक हनफी. हनफी फिकहप्रमाणे पाण्यातल्या प्राण्यांपैकी फक्त मासळी हलाल. झिंग्याला मासळी म्हणायचे की नाही, यावर हनफी उलेमांमध्येच दोन मते आहेत. काहींनी त्याला परवानगी दिली आहे, काहींनी दूर राहणे बरे म्हटले आहे. जवळा म्हणजे झिंग्याचाच अगदी लहान प्रकार. खालाजानच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे तो कधी शिजला नव्हता.

बरणी स्वयंपाकघरात वरच्या फळीवर गेली. दुल्हन काही बोलली नाही. सर्वांबरोबर जेवायला बसायची, दोन घास खायची, उठायची. नंतर भांडी आवरताना ओट्याजवळ उभी राहून भाकरीचा तुकडा त्या चटणीला लावून खायची. घरात कुणी तिला त्रास देत नव्हते. तरी तिचे जेवण चोरून चालले होते. ज्या मुलीने सासरची सगळी पद्धत आनंदाने उचलली, कारळ-जवसाच्या चटण्या शिकून घेतल्या, तिला आपल्या आईच्या हातची चव लपवावी लागत होती.

हे पहिल्यांदा लक्षात आले ते खालूजानच्या. एका रात्री ते पाणी प्यायला उठले आणि तिला ओट्याजवळ तसे जेवताना पाहिले. तिला काही न बोलता ते परत गेले. दुसऱ्या दिवशी असरनंतर ते मोहल्ल्याच्या इमामसाहेबांकडे बसले आणि मसला विचारला. इमामसाहेबांनी शांतपणे सांगितले की आपण एहतियात म्हणून खात नाही, ते आपल्यापुरते ठीक आहे. तिच्या मसलकात ते हलाल आहे, ती खात असेल तर तिला नावे ठेवण्याचा किंवा रोखण्याचा प्रश्नच येत नाही. चमचा वेगळा ठेवा आणि मन मोठे ठेवा.

त्या रात्री दस्तरखान पसरला तेव्हा खालूजान म्हणाले, “दुल्हन की चटनी किधर है? लाओ, सब की चीजें हैं, उसकी भी रखो.” बरणी आली. त्यांनी स्वतः झाकण उघडून ती सुनेच्या ताटाजवळ सरकवली. त्यांनी चटणी खाल्ली नाही, खाल्ल्याचा आवही आणला नाही. फक्त ती तिथे राहू दिली. खालाजान सांगतात, “उस दिन पोरी पेट भर के जेवली.” उर्दू-मराठीची ही खिचडी आमच्या घरची आहे, ती तशीच ठेवली.

आम्हाला ही गोष्ट कळली तेव्हा चटकन सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममधली एक रिवायत आठवली. योगायोग असा की तीही एका खालाच्याच घरची आहे. उम्मुल मोमिनीन हजरत मैमूना (रजि.) या हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांच्या खाला. त्यांच्या घरी पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यासमोर भाजलेला ‘दब्ब’ आला. दब्ब म्हणजे वाळवंटात राहणारा, घोरपडीसारखा दिसणारा प्राणी. ते काय आहे हे कळल्यावर त्यांनी हात मागे घेतला. हजरत खालिद (रजि.) यांनी विचारले, हे हराम आहे का? नाही, असे उत्तर मिळाले. माझ्या लोकांच्या मुलखात हे नसते, म्हणून मला ते रुचत नाही, असा खुलासा आला. मग हजरत खालिद (रजि.) यांनी तेच ताट आपल्याकडे ओढून खाल्ले आणि पैगंबर (स.) बघत राहिले. या प्राण्याच्या हुकुमाविषयी फिकहमध्ये मतभेद आहेत, तो विषय उलेमांचा. आम्हाला इथे दस्तरखानाचा अदब दिसतो. न आवडल्याचे साधे कारण सांगितले, ते आपल्या मुलखाच्या सवयीशी जोडले, पदार्थाला नाव ठेवले नाही आणि दुसऱ्याचा हात अडवला नाही.

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या रिवायतीत तर हा नेहमीचाच शिरस्ता सांगितला आहे. पैगंबर (स.) यांनी कधीही अन्नाला नाव ठेवले नाही. इच्छा झाली तर खाल्ले, नाही झाली तर सोडून दिले. आपल्या घरात ‘सोडून देणे’ आपल्याला जमते, पण त्याआधी चार वाक्ये बोलल्याशिवाय आपण सोडत नाही. अडचण त्या चार वाक्यांची आहे.

आता सिरक्याकडे येऊ. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांची रिवायत आहे. पैगंबर (स.) यांनी घरी विचारले, रोटीला लावायला काही आहे का? घरच्यांनी सांगितले, सिरक्याशिवाय काही नाही. त्यांनी तोच मागवला, खाऊ लागले आणि सिरका हे किती उत्तम इदाम आहे, असे कौतुक केले. या कौतुकावर पुढच्या उलेमांनी लिहिले ते फार वाचनीय आहे. इमाम नववी (रह.) यांच्या मते ही खुद्द सिरक्याचीच स्तुती आहे. त्यांच्याआधीच्या काहींनी त्यातून साधेपणाचा, जे आहे त्यात समाधान मानण्याचा धडा घेतला होता. इब्न कय्यिम (रह.) यांनी म्हटले की ही त्या वेळेपुरती स्तुती आहे, सिरका दूध-मांस-मधाहून श्रेष्ठ असा तिचा अर्थ नाही, ज्यांनी तो समोर ठेवला त्यांचे मन राखण्यासाठी ते कौतुक होते. आम्ही काही आलिम नाही, त्यामुळे कोणते मत वजनदार हे ठरवणार नाही. पण ज्या बाईच्या घरात आज भाजी नाही आणि जी संकोचाने सांगते की फक्त सिरका आहे, तिला ते शब्द ऐकून काय वाटले असेल, हे समजायला आलिम असावे लागत नाही.

याच रिवायतीचा शेवट आम्हाला सर्वांत आवडतो. हजरत जाबिर (रजि.) म्हणतात, त्या दिवसापासून मला सिरका आवडू लागला. आणि ज्यांनी त्यांच्याकडून ही हदीस ऐकली ते तल्हा म्हणतात, जाबिरकडून ऐकल्यापासून मलाही सिरका आवडू लागला. हजरत अनस (रजि.) यांचे असेच दुधी भोपळ्याबाबत झाले. एका शिंप्याने दावत दिली होती, पैगंबर (स.) ताटाच्या कडांवरून भोपळ्याच्या फोडी शोधून खात आहेत हे त्यांनी पाहिले आणि तेव्हापासून भोपळा त्यांचा लाडका झाला. उलटेही झाले आहे. हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांनी पाठवलेले जेवण त्यात लसूण असल्याने तसेच परत आले. ते घाबरले, विचारायला गेले. हराम नाही, पण मला आवडत नाही, असे उत्तर मिळाले. ते म्हणाले, मग जे तुम्हाला आवडत नाही ते मलाही आवडत नाही.

वर्षानुवर्षे मुलांना शिकवताना आमचा एक अनुभव आहे. आवड हुकुमाने लागत नाही. “भाजी खा, ती चांगली असते,” असे दहा वेळा सांगून मूल भाजी खात नाही. ज्याच्यावर त्याचा जीव आहे तो माणूस ती भाजी मिटक्या मारत खाताना दिसला की मूल हळूच एक घास उचलते. जीभ जिथे प्रेम आहे तिथे शिकते. खालाजानच्या घरी तसेच घडले. दुल्हनच्या जवळ्याच्या चटणीला आज त्यांची मोठी नात हात घालते, कारण चाची तिची लाडकी आहे. खालाजान स्वतः अजूनही ती खात नाहीत. पण मुलगा श्रीवर्धनला निघाला की त्याच दारात उभ्या राहून आठवण देतात, “दुल्हन का जवला मत भूल.” आणि सून माहेरी जाते तेव्हा तिच्या पिशवीत परभणीच्या कारळाच्या चटणीचा डबा असतो. तिकडच्या मंडळींना आता ती हवीशी झाली आहे.

प्रत्येक घरात बरणी वेगळी असेल. कुठे सून विदर्भातून येते आणि सासर कोकणात असते. कुठे मुलगा पुण्याला शिकून येतो आणि प्रत्येक गोष्टीवर काळी मिरीपूड मागतो. कुठे दम लागणारे अब्बा दही वर्ज्य करतात आणि सगळ्या घराचा रायता बंद होतो. आपल्या पसंतीची सक्ती इतरांवर करायची नाही आणि दुसऱ्याच्या पसंतीला हसायचे नाही, एवढे जमले तरी पुष्कळ.

आता मिठाविषयी, कारण सगळ्यात जास्त वाक्ये त्याच्यावरच बोलली जातात. मराठीत आपण खाल्ल्या मिठाला जागतो, उर्दूत माणूस नमकहलाल किंवा नमकहराम ठरतो. इतका मोठा शब्द, पण घरात तो बहुतेक वेळा एकाच वाक्यात येतो, “आज मीठ कमी आहे.” नव्या सुनेला हे वाक्य पहिल्या घासाला, सगळ्यांसमोर ऐकवले जाते. आम्हाला वाटते, मिठाची डबी दस्तरखानावर ठेवण्यामागे शहाणपण हेच असावे की हे वाक्य बोलावे लागू नये. मीठ कमी वाटले, चिमूटभर घ्या. तिखट कमी वाटले, ठेचा आहे. आंबट हवे, लिंबू आहे. कडेच्या वाट्या या स्वयंपाक करणाऱ्याच्या अब्रूवरचे पांघरूण आहेत.

पण याच डबीचा दुसरा हिशेबही सांगणे भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे सपाट एक लहान चमचा, आणि त्यात सालनातले, रोटीतले, अचारातले, पापडातले सगळे मीठ आले. अचार आणि पापड तर मिठावरच टिकतात. केचपमध्ये मीठही असते आणि साखरही बरीच असते. रक्तदाब असलेल्या माणसाने डबीतले मीठ सोडले आणि अचाराच्या दोन फोडी घेतल्या तर त्याने काही सोडले नाही.

इथे एक नाजूक गोष्ट आहे. आपल्या अनेक घरांत बुजुर्ग मंडळी जेवणाच्या सुरुवातीला आणि शेवटी चिमूटभर मीठ चाटतात. ती सुन्नत आहे आणि त्याने सत्तर आजार बरे होतात, असे त्यांनी ऐकलेले असते. हजरत अली (रजि.) यांना उद्देशून सांगितली जाणारी ही रिवायत इमाम इब्न जौझी (रह.) यांनी बनावट रिवायतींच्या आपल्या संग्रहात नोंदवली आहे. ज्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आहे, त्यांनी सवाब समजून मीठ चाटत राहावे, हे आमच्या मनाला बोचते. आपल्या दादा-दादींना हे सांगताना मात्र वाद घालू नका. मोहल्ल्यातल्या एखाद्या विश्वासू आलिमांकडून सांगवा, आणि मिठाच्या डबीच्या जागी लिंबाची वाटी ठेवा. आंबटपणाने मिठाची उणीव बरीच झाकली जाते. बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते, पण त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा काही औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका.

सिरका घेतानाही बाटलीवरचा मजकूर वाचा. स्वस्तात मिळणारा पांढरा सिरका पुष्कळदा आंबवलेला नसतो, अॅसिटिक आम्लात पाणी मिसळून केलेला असतो. आपल्या कायद्याप्रमाणे तसे असेल तर बाटलीवर ‘सिंथेटिक’ लिहावे लागते. ऊस, जांभूळ किंवा सफरचंदाचा आंबवलेला सिरका वेगळा. आणि बाहेरून आलेल्या बाटलीवर द्राक्षाच्या मद्यापासून केलेला सिरका असे लिहिलेले असेल तर आपल्या मसलकाच्या आलिमांना विचारा. आपोआप सिरका झालेला असेल तर सर्वांच्या मते तो हलाल आहे. मुद्दाम काही मिसळून केलेला असेल तर हनफी आणि शाफई मतांत फरक आहे. म्हणजे खालाजानच्या घरी जवळ्याबाबत सुनेला मोकळीक होती आणि सासूला एहतियात. इथे उलटे होऊ शकते. फरक दोन्ही बाजूंनी चालतो, म्हणून सबूरीही दोन्ही बाजूंनी हवी.

शिक्षकाला गृहपाठ दिल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा या महिन्यासाठी तीन लहान गोष्टी. पहिली, आठवडाभर घरात कुणीही पहिल्या घासाला खोट काढायची नाही. हवे ते कडेच्या वाटीतून घ्यायचे. दुसरी, घरातल्या ज्या माणसाची आवड दस्तरखानावर कधीच येत नाही, ती कोणती हे त्याला विचारायचे आणि एकदा ती मांडायची. बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे स्वयंपाक करणारी बाईच असते. तिला काय आवडते हे मुलांना विचारून पाहा. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना आपल्या अम्मीची आवड सांगता आली नाही. तिसरी, ताटात घेतलेले अचार-चटणी टाकायची नाही. हवे तेवढेच घ्या. अन्नाचा मान राखण्यात कडेच्या वाटीतले अन्नही आलेच.

आपल्या घरची खास चटणी, अचार किंवा खट्टा कोणता आणि तो घरात कुणाकडून आला, हे आम्हाला कळवा. पाककृती पाठवलीत तर उत्तमच, पण कुणाच्या हातची चव ती, हे जरूर लिहा.

अल्लाह तआला आपल्या सर्वांच्या दस्तरखानात बरकत देवो, आपल्या जिभेला शुक्र शिकवो आणि एकाच पाण्यावर वाढलेल्या वेगवेगळ्या चवींना एकत्र बसण्याची तौफीक देवो. आमीन.